बाव भायर बसली

डॉक्टरांनी शेवंतीला जीभ बाहेर काढायला सांगितली. मधे पांढरीफटक, चुना फासल्यासारखी, आणि कडा लाल. त्यांनी पोट दाबून पाहिलं, नाडी मोजली, आठ दिवसांचा ताप कसा चढत गेला ते विचारलं आणि म्हणाले, "टायफॉइड आहे. तुम्ही मुदतीचा ताप म्हणता तो."

मग लगेच दुसरा प्रश्न. "पाणी कुठलं पिता?"

मी म्हटलं, "बावीचं." आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात.

डॉक्टरांनी तसं कागदावर लिहिलं. ते धादांत खोटं होतं. माझी नऊ वर्षांची पोर समोर तापाने फणफणलेली आणि मी तिच्या आजाराचं मूळ विचारणाऱ्या माणसाशी तोंडावर खोटं बोलले. हे सगळं लिहायला घेतलंय ते त्या एका शब्दापायी. उद्या तुमच्यावर ही वेळ आली तर निदान एवढी चूक तरी करू नका.

मी रुक्मिणी. वाडीत रुकमा. चौथीपर्यंत शिकले, पुढे मासे विकले. आमचे घरकार, म्हणजे माझे यजमान, रापणीवर होते. किनाऱ्यावरून वीस-तीस माणसं मिळून जाळं ओढतात ती रापण. आमची वाडी खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर. तालुक्याचा दवाखाना खाडीच्या पलीकडे, तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, जावं लागे. मुंबई राज्याचं महाराष्ट्र व्हायला वर्षभर होतं तेव्हाची ही गोष्ट.

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक. लग्न असो, बारसं असो, मी काहीतरी बोलायची आणि बाया पोट धरून हसायच्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! उचलली जीभ लावली टाळ्याला.

चैत्र संपत आला होता. खालच्या किनाऱ्यावर कुठेतरी पटकी लागल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत आरोग्य खात्याचा एक माणूस आमच्या बावीवर हजर झाला. त्याने पुडी सोडून जांभळे खडे बादलीत विरघळवले आणि ते पाणी आत ओतलं. म्हणाला, "हे जंतुनाशक आहे. उद्या सकाळपर्यंत पाणी भरू नका. नंतर निर्धास्तपणे प्या." एवढं पुस्तकी बोलून तो पुढच्या वाडीला गेला. जंतुनाशक म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

आम्ही दहा-बारा जणी कठड्यावरून आत वाकून बघतोय, तर पाणी लाल होत चाललेलं. आधी जांभळट, मग लालभडक. आणि मी, माझी ही जीभ, मोठ्याने म्हटलं:

"अगो, बाव भायर बसली! चार दिस कोणी शिवू नकात!"

भायर बसणं म्हणजे बाईचं महिन्याचं बाजूला बसणं. काय हशा पिकला! माझी शेजारीण सुंदरा तर हसून हसून खालीच बसली. भरलेली कळशी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने हात द्यावा लागतो. माझा हात सुंदराला आणि सुंदराचा मला, अशी आमची लग्न होऊन आल्यापासूनची जोडी. त्या दिवशी दोघी रिकाम्या कळशा घेऊन हसत घरी गेलो.

हसली नाही ती एकटी तुळसाआते. वाडीत ती सगळ्यांत मोठी, तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"हसतास कित्या?" ती म्हणाली. "देवीची बाव ती. रुकमा बोलली तां खोटा नाय."

दुसऱ्या दिवशी पाणी फिकट गुलाबी होतं. कोणी भरलं नाही. चार दिवसांनी ते अगदी निवळलं, आणि मला वाटलं संपलं एकदाचं. पण तुळसाआतेने कठड्यावर काठी आपटली. "चवथो दिस झालो, पण न्हाली खंय ती? बाई न्हाल्याबिगर चुलीकडे येता? मगे हिचा पाणी कसा भरतलास?"

आता बावीला न्हाऊ कोण घालणार? तुळसाआतेकडे त्याचंही उत्तर होतं. "पाऊस तिका न्हाणतलो." पावसाला सव्वा महिना होता.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. आते, ती मस्करी होती गो, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. सगळ्या वाडीने माझं बोलणं देवीच्या कौलासारखं धरलं होतं, आणि मला आतून थोडं बरंही वाटत होतं. लाज वाटते सांगताना, पण तसंच होतं.

पिण्याचं पाणी मग कुठलं? केतकीच्या झुडपांखाली वाळूत हातभर खणलं की गोडं पाणी लागतं. पूर्वी बाव आटली की लोक तेच पीत. बायकांनी तिथे खड्डा खणला. पाणी दिसायला काचेसारखं. पण त्याच केतकीच्या आडोशाला सारी वाडी पहाटे बसायला जायची. आमच्यात संडास कोणाकडे होता? बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या, आणि पोरं वाटेल तिथे. वाळू सगळं गाळून घेते, अशी आमची समजूत.

पंधरा-सोळा दिवस झाले आणि शेवंतीचं डोकं दुखायला लागलं.

पहिले तीन-चार दिवस मी तिकडे लक्षच दिलं नाही. ऊन लागलं असेल. मग ताप रोज थोडा थोडा वर, पायरी पायरीने. सकाळी जरा कमी, संध्याकाळी कालच्याहून जास्त. दृष्ट काढली, काढे दिले. आठव्या दिवशी पोर बडबडायला लागली तेव्हा आमची पाचावर धारण बसली. घरकारांनी तिला खांद्यावर टाकली आणि आम्ही तरीवर बसलो.

आणि तिथे डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं. पांढरा कोट, टेबलावर धुतलेला कपडा, बाजूला इस्त्रीच्या साडीतल्या नर्सबाई. आम्ही हागणदारीशेजारचं पाणी पितो, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि ते का पितो, हे तर त्याहून कठीण. म्हणून म्हटलं, बावीचं. घरकार माझ्याकडे बघत राहिले.

आता आजाराचं सांगते. डॉक्टरांनी मला जसं समजावलं तसंच.

टायफॉइडचे जंतू आजारी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जातात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. हवेने येत नाहीत, दृष्टीने येत नाहीत. विडाल टेस्ट म्हणून रक्ताची एक तपासणी असते. आपलं रक्त या जंतूंशी झुंजतंय का, हे तिच्यात दिसतं. शेवंतीचं रक्त बाहेरगावी पाठवलं. निकाल यायला पाच-सहा दिवस लागणार होते, पण डॉक्टर थांबले नाहीत. या तापावर कॅप्सुली निघाल्या होत्या, तेव्हा नव्याच. दवाखान्यातल्या संपलेल्या. घरकार एसटीने सावंतवाडीला जाऊन घेऊन आले.

तिसरी गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. या तापात आतड्याला आतून जखमा होतात. तिसऱ्या आठवड्यात ती जखम आरपार जाऊ शकते. त्याला पर्फोरेशन म्हणतात, म्हणजे आतड्याला भोक पडणं. म्हणून घन अन्न द्यायचं नाही. पोर भूक भूक करील, तुमचं काळीज तुटेल, तरी द्यायचं नाही. पेजेची वरची निवळ, शहाळ्याचं पाणी आणि उकळून गार केलेलं पाणी. बस.

शेवंती दिवसभर छताकडे बघत पडलेली असायची. छातीवर बारीक गुलाबी पुरळ. हाक मारली तर डोळे माझ्याकडे वळायचे, पण ओळख नसायची. एकदाच स्पष्ट बोलली. "आये, माका पाणी दी." मी उकळलेल्या पाण्याचं भांडं तिच्या ओठाला लावलं आणि अर्धं तिच्या गळ्यावर सांडलं. हेच पाणी आधी दिलं असतं तर!

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी विडालचा कागद आला. टायफॉइडच. त्याच संध्याकाळी आमच्या वाडीतली दोन पोरं तापाने आली. डॉक्टरांनी त्यांच्या आयांनाही पाण्याचं विचारलं. दोघींनी आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बावीचाच."

मी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. वाडीचं नाव राखलं! डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "विहिरीत तर औषध टाकलंय. मग हे येतंय कुठून?" मी फरशीकडे बघत बसले. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. आता सांगितलं तर हे शेवंतीला औषध द्यायचं बंद तर नाही ना करणार? असलं वेड्यासारखं. भ्यालेल्या बाईची अक्कल चरायला जाते.

आठव्या दिवशी सकाळी सुंदराच्या घोवाला आणलं. जगन्नाथ त्याचं नाव. रापणीवरचा सगळ्यांत दणकट गडी. दोन आठवडे अंगात ताप घेऊन जाळं ओढत होता, भात-आमटी जेवत होता, कोणाला बोलला नव्हता. पहाटे पोटात कळ आली आणि खालीच पडला. चार माणसांनी दाराच्या फळीवर घालून आणला. पोट फळीइतकंच कडक झालं होतं.

डॉक्टरांनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. पर्फोरेशन. ऑपरेशनची सोय इथे नाही, कोल्हापूरला न्यायचं तर घाट चढेपर्यंत टिकणार नाही. ते सुंदराकडे वळले. "बाई, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

सुंदराने माझ्याकडे बघितलं. पदर नीट केला. "बावीचाच पितंव, डाक्टरांनु."

नवरा मरायला टेकलाय आणि ही माझं खोटं सांभाळतेय.

"खोटा!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "खोटा सांगतंव आमी! बावीचा पाणी महिनाभर कोणी पियाक नाय. केतकीखालच्या खड्ड्यातला पितंव. माझ्यामुळे. मी मस्करी केलंय म्हणान!"

मग सगळं सांगितलं. लाल पाणी, भायर बसणं, तुळसाआते, पाऊस. नर्सबाईंच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं ते जगन्नाथकडे बघून विरलं.

मला वाटलं आता शिव्या बसणार. डॉक्टर म्हणाले, "त्या खड्ड्याचं पाणी आत्ता, या घटकेलाही कोणीतरी पीत असेल. मी आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरला पाठवतो, पण त्याचं कोण ऐकणार? तुमचं एकदा ऐकलंय, अजून एकदा ऐकतील. तुम्ही जा."

"शेवंती?" मी म्हटलं. तिचा तिसरा आठवडा लागला होता. भोक पडायचं तर याच दिवसांत पडणार, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

"तिच्यासाठी आज तुम्ही इथे काही जास्त करू शकत नाही. तिथे करू शकता."

घरकार एवढंच म्हणाले, "तू जा. मी बसतंय हिच्याकडे."

तरीवर बसले. परत येईन तेव्हा पोर असेल की नसेल? दुसरा विचारच नव्हता डोक्यात. आणि तोंड बंद. आयुष्यात पहिल्यांदा मी तरीवर कोणाशी बोलले नाही.

वाटेत ठरवून टाकलं होतं. तुळसाआतेला जंतू आणि विष्ठा सांगून उपयोग नाही. सरळ घरी गेले, हळदीची वाटी घेतली, कळशी आणि दोर घेतला आणि बावीवर गेले. हां हां म्हणता बाया जमल्या. तुळसाआते काठी टेकत आली.

मी कळशी आत सोडली. "अगो, शिवू नको तिका!" ती किंचाळली.

"आते, चवथो दिस कधीच सरलो. पाऊस येवपर्यंत आमची पोरां ऱ्हवची नाय. आज मी तिका न्हाणतंय."

पाणी वर काढलं. हळद घालून त्या पाण्याने सगळा कठडा धुतला. थेंबही आत पडू दिला नाही, डॉक्टरांची शिकवण. मग हात जोडले. देवापुढे गाऱ्हाणं घालणं हे पुरुषांचं, गावच्या मानकऱ्याचं, गावकाराचं काम. मी तसं कधी केलं नव्हतं.

"बावी आये," मी म्हटलं, "तू भायर बसाक नाय होतंस. माझी जीभ वायट. तुझ्यात औषद घातलेला, आणि मी तुझी मस्करी केलंय. त्या मस्करीन माझा चेडू दवाखान्यात पडलाहा. जगन्नाथ मराक टेकलोहा. तरी ह्या बायांच्या मनाक बरा वाटाक व्हया म्हणान आज तुका न्हाणलंय. आता तू चुलीकडे ये. आमच्या पोरांका पाणी दी."

आणि काय सांगू, गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

मी दुसरी कळशी काढली आणि ओंजळीने तिथेच उभी राहून प्याले. पोटभर. पाणी थंड होतं, गोड होतं. मला रडू फुटलं. महिनाभर ते इथेच, हाताच्या अंतरावर होतं.

तुळसाआते पुढे आली. मग काठी कठड्याला टेकवून तिने ओंजळ पुढे केली. मी तीत पाणी ओतलं. ती प्याली, तशा बाकीच्याही पुढे आल्या. पाणी उकळून प्यायचं, हे मी तिथेच ओरडून सांगितलं. रापणीवरच्या गड्यांनी त्याच दुपारी तो खड्डा वाळूने बुजवला.

संध्याकाळच्या तरीने परत आले. शेवंती होती. ताप तसाच, पण पोट मऊ होतं. मी आधी तिच्या पोटावर हात ठेवला आणि मग तोंडावर.

पुरुषांच्या वॉर्डात जगन्नाथची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. सुंदरा बाहेर पायरीवर बसलेली, कपाळ पुसलेलं. मी तिच्यासमोर उभी राहिले. बसायची हिंमत झाली नाही.

"पियालंस?" तिने विचारलं.

"व्हय."

"सगळी पियाली?"

"व्हय."

तिने मान हलवली आणि समुद्राकडे तोंड फिरवलं. नंतर वर्षभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

शेवंतीचा ताप सुरू झाल्यापासून बाविसाव्या दिवशी उतरायला लागला, चढला तसाच, पायरी पायरीने. पहिल्या दिवशी मऊ भाताचे दोन घास दिले तेव्हा तिने भांडं चाटूनपुसून घेतलं. घरी आलो तोवर पाऊस लागला होता. तिचे केस मूठ मूठ गळाले, ते परत आले. डाव्या कानाने मात्र तिला कमी ऐकू येतं, अजूनही. हाक मारायची तर मी उजव्या बाजूला जाते.

पाऊस संपल्यावर आरोग्य खात्याने चराचे संडास करायला शिकवले. बावीपासून लांब, उतारावर, लांबट चर खणायचा, बसून झालं की वरून माती लोटायची, भोवती झावळ्यांचा आडोसा. पुरुषांनी थट्टा केली, "आता हागूक पण सरकाराक विचारूचा?" बायकांनी केली नाही. पहाटेच्या काळोखाची वाट न बघता जाता येतं, म्हणजे काय असतं, हे बाईलाच कळतं. त्यानंतर मुदतीचा ताप आमच्याकडे आलाच नाही असं नाही. पण आला तो एकट्यादुकट्याला. घराघरांत घुसला नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं तर खरं सांगा. कुठे बसता तेही सांगा. लाजेने कोणी मरत नाही, असं म्हणतात. आमच्याकडे मेला.

सावित्रीसारखी मी त्या पोरीला परत आणली, असं वाडीत कोणी कोणी म्हणतं. तसं म्हटलं की मी उठून जाते.

पुढच्या चैत्रात आरोग्य खात्याचा माणूस पुन्हा आला. तेच खडे, तीच बादली. पाणी लाल झालं. सगळ्या बाया कठड्याभोवती, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी फिकट गुलाबी झालेलं. पण पहिली कळशी कोणी सोडेना. ही मागे, ती मागे. तेवढ्यात मागून सुंदरा आली. पांढऱ्या कपाळाची बाई शुभकार्यात मागे राहते आमच्यात. ती सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली, कळशी आत सोडली आणि दोर ओढता ओढता म्हणाली:

"बाव भायर बसाक नाय. बावीन औषद घेतल्यान."

आपली कळशी भरून तिने खाली ठेवली. मग माझ्या हातातली ओढून घेतली, भरली आणि माझ्याकडे बघितलं. वर्षभर मी दोन खेपांचं पाणी चार खेपांत नेत होते, अर्धी अर्धी कळशी, कारण हात द्यायला कोणी नव्हतं.

"वाक गो," सुंदरा म्हणाली.

मी वाकले. तिने भरलेली कळशी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली.